लटकंती

गिरगावातला माणूस कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घेत नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावर साधा पंचा घ्यायचा म्हटलं तरी तो पूर्ण उलगडायचा, उजेडासमोर धरायचा, पलीकडून येणारी बस त्यातून दिसते का ते बघायचं आणि दिसली तर भाव पाडून मागायचा. आमचे वडील नवी चप्पल घालून फणसवाडीच्या कोपऱ्यापर्यंत चालून येत आणि मगच पैशाची गोष्ट काढत. तोवर जुनी जोडी दुकानदाराकडे ओलीस असे. अशा घरात वाढलेल्या माणसाने क्लायम्बिंगचा हार्नेस कसा पारखावा, हा प्रश्न वडिलांच्या आयुष्यात आला नाही. माझ्या आला.

अडचण अशी, की हार्नेस उभ्या माणसाला नेहमीच बरोबर होतो. कमरेचा पट्टा आवळला, मांड्यांभोवतीच्या दोन कड्या सारख्या केल्या, पुढचा बिले लूप सरळ केला, की आरशात तेनसिंगचा मावसभाऊ दिसायला लागतो. हार्नेसची खरी लबाडी कळते ती लटकल्यावर. पट्टा बरगड्यांत चढतो का, मांडीच्या कड्या नको तिथे कचतात का, पाठ धरते का, हे सगळं पाय जमिनीवर असेपर्यंत गुप्त राहतं.

"सर, पाचदहा मिनिटं लटकून बघायला पाहिजे," दुकानातला मुलगा म्हणाला.

"मग लटकव."

त्याने वर बघितलं. मीही बघितलं. वर पीओपीचं छत होतं आणि त्यात नाजूक दिवे.

"घरी बघा. सात दिवसांत बदलून देऊ. फक्त टॅग काढायचा नाही आणि वापरायचा नाही."

"वापरायचा नाही तर बघायचा कसा?"

"लटकायचं, सर. वापरायचा नाही."

इतका सूक्ष्म भेद आद्य शंकराचार्यांनीही केला नसता. मी निमूटपणे पैसे दिले.

या वयात हे खूळ कुठून शिरलं, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं आहे. ऑफिसातल्या पोरांबरोबर पावसाळ्यात एका किल्ल्यावर गेलो, तिथे कातळावर चार माणसं दोराला बांधून वर सरकताना दिसली आणि मी खालून बघत राहिलो, एवढंच. मग एका संस्थेच्या प्रस्तरारोहण वर्गात नाव घातलं. मुंबईला हे वेड नवं नाही. 'गिरिविहार' ही संस्था १९५४ सालची. दक्षिण मुंबईत मात्र चढण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. मलबार हिलला उतार आहे, पण त्यावर ज्यांची घरं आहेत ती माणसं लिफ्टने चढतात. आणि हँगिंग गार्डनमध्ये काहीही हँग होत नाही, तिथे पाण्याच्या टाकीवर बाग आहे.

वर्गात मिळतो तो हार्नेस सार्वजनिक. त्यात आपल्या आधी कोण कोण घामाघूम झालं ते नाकाला कळतं. शिवाय त्याचं वय कुणाला ठाऊक नसतं. नायलॉन म्हातारं होताना पांढरे केस दाखवत नाही. बरेच उत्पादक सांगतात की अगदी पेटीत ठेवलात तरी दहा वर्षांनी हार्नेस निकालात काढा. घरी खर्चाचं समर्थन करताना मी टॉड स्किनरचा दाखला दिला. अमेरिकेतला हा कसलेला क्लायम्बर २००६ साली योसेमिटीमध्ये जिवानिशी गेला, कारण त्याच्या जुन्या हार्नेसचा झिजलेला बिले लूप तुटला. झीज सोबत्याने दाखवली होती आणि नवा हार्नेस मागवलेलाही होता, पण तो यायचा होता. बायकोने शांतपणे ऐकलं. हार्नेसचा खर्च तिला तत्काळ पटला. छंद मात्र अर्धामुर्धा पटलेला होता, तोही गेला.

तसं बघितलं तर हार्नेस ही अलीकडची चैन. माणसं डोंगर चढायला लागली तेव्हा दोर सरळ कमरेला बांधत. पडलं नाही तर उत्तम सोय. पडून लटकलं, तर दोर बरगड्यांखाली रुततो, श्वास अडतो आणि काही मिनिटांत शुद्ध जाते. मग अमेरिकेत रुंद पट्टी कमरेभोवती अनेक वेढे घालून बांधायची पद्धत निघाली. तिचं नाव 'स्वामी बेल्ट'. आमच्या मजल्यावरच्या काकूंना हे नाव फार आवडलं. "कुठले स्वामी? अक्कलकोटचे?" असं विचारून त्यांनी हात जोडले, आणि पुढे या विषयाकडे त्या श्रद्धेने बघू लागल्या.

मांड्यांना आधार देणारा, आजच्या हार्नेसचा आजोबा शोभेल असा पट्टा आला १९७० साली, अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवरच्या ब्रिटिश मोहिमेसाठी. डॉन व्हिलन्स नावाचा प्लंबर गडी त्या मोहिमेत होता. शिखरावर पोचलेल्या दोघांपैकी एक तो, आणि पट्ट्यालाही त्याचंच नाव. या व्हिलन्स हार्नेसमध्ये एक पट्टी दोन्ही पायांच्या मधून, बरोबर मध्यावरून वर येई. ती पट्टी घालून पडलेल्या पुरुषांनी तिच्याविषयी जे लिहून ठेवलं आहे ते कौटुंबिक अंकात छापता येणार नाही. पुढच्या पिढ्यांच्या हितासाठी नंतर कुणीतरी तिच्या जागी दोन स्वतंत्र कड्या केल्या, एवढंच नोंदवून मी पुढे जातो.

घरी आल्यावर खोका उघडला. आईने पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला.

"अरे, हा तर कासोटा. एवढे पैसे कासोट्याला?"

मी तिला आतल्या बाजूला शिवलेलं लेबल दाखवलं. युरोपातल्या प्रमाणानुसार असा हार्नेस पुतळ्याला घालून त्याला पंधरा किलोन्यूटन ओढ देतात. पंधरा किलोन्यूटन म्हणजे साधारण दीड टन. म्हणजे आमच्या मजल्यावरची झाडून सगळी माणसं, गावाहून आलेल्या पाहुण्यांसकट. आई "बरं" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं प्रभाव पडला. ती हळदकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आली.

सोबतच्या पुस्तिकेत कितीतरी भाषा होत्या, मराठी नव्हती, पण चित्रं स्पष्ट होती. पट्ट्याला रसायन लागू देऊ नका, रंग लागू देऊ नका, शाई लागू देऊ नका. पुढे कवटी. ही कवटी मी आईला दाखवली. "देवाचं कुंकू आहे, त्याला काय होतंय," असं म्हणून तिने बकलापासून टॅगपर्यंत पाच बोटं ओढली. नायलॉनवर हळदीचा परिणाम काय होतो यावर कुठल्याही प्रयोगशाळेत काम झालेलं नसावं. टॅगवर मात्र झाला.

आता टांगायचं कुठे? जुन्या चाळीत याचं उत्तर छतातच असतं. आमच्या खोलीच्या मधल्या तुळईला पाळण्याची लोखंडी कडी आहे. तिच्यात मी लटकलेलो आहे, पण तेव्हा वजन सात पौंड होतं. कडी तपासली, ओढून पाहिली, स्लिंग घातली, कॅराबिनर अडकवला. तेवढ्यात नाना दारात येऊन उभे राहिले. नाना आमच्या चाळीतले ज्येष्ठ. ऐन उमेदीत ते दोरीचा मल्लखांब करायचे, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर जायचे. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरातल्या उदय देशपांड्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली तेव्हा नानांनी चाळीत पेढे वाटले होते, आणि अभिनंदनही स्वतःच स्वीकारलं होतं.

नानांनी हार्नेस पाहिला. लेबल वाचायला चष्मा लावला. दीड टन ऐकून मान डोलावली. मग चष्मा तसाच ठेवून वर बघितलं.

"आणि तुळई?"

खोलीत शांतता पसरली.

"तुळईला लेबल आहे का?"

तुळईला लेबल नव्हतं. तुळईचं वय विचारावं तर आमची इमारत उपकरप्राप्त, तीही 'अ' वर्गातली. म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली. किती आधी ते सांगणारी माणसं गेली. सागवान अस्सल आहे असं प्रत्येक जण सांगतो, आणि ते सांगताना तुळईला हात लावायचं टाळतो. गॅलरीत दुरुस्ती मंडळाने लोखंडी गर्डर टाकले आहेत. जिन्याखाली टेकू आहेत. हे टेकू तात्पुरते म्हणून आले, आणि त्यांच्यावर आता कपडे वाळत असतात. खालून भुयारी मेट्रोचा बोगदा गेला, गिरगाव स्टेशन झालं, मेट्रो सुरूही झाली. त्या काळात आम्ही सगळे रात्री कपबशा किणकिणतात का ते ऐकत बसायचो. प्रत्येक घराला कुठे ना कुठे आवाज ऐकू आला. तुळईने मात्र कधी मत दिलं नाही.

नानांचा प्रश्न मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. कुणीतरी वरच्या मजल्यावर टांगून घेतोय, एवढीच बातमी खालपर्यंत पोचल्यामुळे प्रथम काही मंडळी रडवेल्या चेहऱ्याने आली. खुलासा होताच त्यांचा विरस झाला, पण आलोच आहोत तर बघून जाऊ म्हणून थांबली. सेक्रेटरी आले. दहा मिनिटांत खोलीत दोन पक्ष पडले.

एका पक्षाचं म्हणणं, तुळईला काही झालं तर अधिकारी येणार, नोटीस येणार, मग ट्रान्झिट कॅम्प. ट्रान्झिट कॅम्प या शब्दाने ठाकूरद्वारात अजूनही लहान मुलं झोपतात. तिकडे तीन वर्षांसाठी गेलेल्यांच्या नातवंडांची तिकडेच लग्नं झाल्याच्या कथा प्रत्येकाला पाठ आहेत. तेव्हा लटकायचं असेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी चाळीत लटकावं.

दुसरा पक्ष तरुण होता आणि त्याचे डोळे चमकत होते. बिल्डर येऊन जातात, सह्या होतात, पुढे काहीच हलत नाही. आता आयती संधी आली आहे. "लटका काका, बिनधास्त लटका," एकजण म्हणाला. "जरा उड्याही मारा." मला माझ्या छंदाला मिळालेला पाठिंबा वाटला. नंतर लक्षात आलं, त्यांना माझ्याकडून नवा फ्लॅट हवा होता, अटॅच्ड टॉयलेटसकट.

सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतलं: लटकणाराने स्वतःच्या जबाबदारीवर लटकावे, सोसायटी जबाबदार नाही. आमची सोसायटी अजून नोंदलेली नाही. ही बाब मी काढली नाही.

तिढा सोडवला तो गोविंदा पथकाच्या पोरांनी. ही पोरं म्हणजे खरं सांगायचं तर आमच्या वाडीतले अधिकृत साहसवीर. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता दिली. तोवर ही पोरं नुसतीच पोरं होती. सगळ्यात वरच्या थरावर चढणाऱ्या गोविंदाला हेल्मेट, छातीला पट्टा आणि पट्ट्याला वरून सोडलेला दोर, हे त्यांच्या सरावाचं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवता येत नाही हा नियमही त्यांना पाठ आहे, कारण तेव्हापासून वर जाणारं पोर वजनाने वाढलं. दर वर्षी समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांमध्ये हंडीचा दोर हीच मंडळी बांधतात. कुठला खांब सोसतो, कुठला नुसता दिसायला खांब आहे, हे बोर्डाच्या इंजिनियरपेक्षा त्यांना जास्त माहीत.

त्यांच्या म्होरक्याने कडीकडे एकदा बघितलं.

"काका, दुसरा पॉइंट कुठेय?"

मला भरून आलं. वर्गात पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच. एका जागेवर कधीही भरवसा ठेवायचा नाही, बांधायचं ते दोन ठिकाणी, म्हणजे एक निसटलं तर दुसरं धरेल. ती गोष्ट हा मुलगा कोणताही वर्ग न करता सांगत होता. 'काका' म्हणाला नसता तर मिठी मारली असती. त्याने खालून हंडीचा दोर आणवला, दारावरच्या झडपेतून बाहेर काढून गॅलरीतल्या लोखंडी गर्डरवरून फिरवला, आत आणून माझ्या लूपला जोडला आणि गाठ दाखवली. गाठ आठाची होती, शेपूट हवी तेवढी लांब. दोराला गेल्या श्रावणातल्या दह्याचा मंद वास होता.

मी स्टुलावर चढलो. बकल पुन्हा तपासलं. पट्टा कमरेच्या हाडांच्या वर घ्यायचा असतो, म्हणजे उलटं झालं तरी माणूस खाली निसटत नाही. पुस्तिकेत याला एक पुरवणी आहे. ज्यांच्या पोटाचा घेर कमरेच्या हाडांना पुरून उरतो त्यांनी छातीचाही पट्टा लावावा. चित्रात त्या जागी एक गोल माणूस काढला आहे. तो गोल माणूस आणि मी यांत फार फरक नाही असं बायको म्हणाली. गिरगावात राहून साबुदाणावडा, मिसळ, पियुष या क्रमाने ज्याने चाळीशी ओलांडली त्याची कमरेची हाडं शोधायला पुरातत्त्व खातं लागतं. पण शोधली, सापडली, पट्टा त्यांच्यावर बसवला. गुडघे वाकवले, स्टुलावरून पाय उचलले.

तुळई कुरकुरली. दोन्ही पक्षांनी श्वास रोखला. मग काहीच झालं नाही.

मी लटकत होतो. बऱ्यापैकी आरामात, बसल्यासारखा, जमिनीपासून हातभर वर. पट्टा जागेवर होता. डाव्या मांडीची कडी जराशी कचत होती, ती सैल केली. उजवी बरोबर. टॅग छातीसमोर कुंकवासकट तरंगत होता. खोलीत टाळ्या वाजल्या, त्यातल्या काही निराशेच्या असाव्यात. नानांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान आहे. पण आम्ही दोराला धरायचो. तुला दोराने धरलंय." त्यावर उत्तर नसल्यामुळे मी हळूहळू गोल फिरत राहिलो. लटकणाऱ्या माणसाला वाद घालता येत नाही, ऐन मुद्द्याच्या वेळी त्याची पाठ प्रतिपक्षाकडे येते.

मग प्रश्न सुरू झाले. यात झोप येते का? यात पडलं तर लागतं का? लिंगाण्यावर जाणार का? घोरपड कुठेय? (हा विनोद क्लायम्बिंग करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकावा लागतो. तो हसून घेणं हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे.) काकूंनी मला उदबत्ती ओवाळावी की नाही याचा विचार चालवला होता. एका छोट्याने मला हलका झोका दिला. त्याच्या आईने त्याला ओरडून बाजूला घेतलं, आणि स्वतः एक दिला.

पाय जडावू लागले. हेही शिकवलेलं होतं. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, म्हणून पाय हलवत राहायचं, शक्य असेल तर कशावर तरी टेकवायचे. मी टेकवायला स्टूल शोधलं. स्टुलावर नाना बसले होते.

"नाना, जरा स्टूल—"

तेवढ्यात खालून आवाज आला.

"पाणीऽऽ आलंऽऽ!"

दक्षिण मुंबईची चाळ ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना या दोन शब्दांची ताकद सांगून कळणार नाही. खोली क्षणात रिकामी झाली. टिकवणारे आणि पाडणारे एकाच दारातून एकमेकांना ढकलत गेले. सेक्रेटरींची वही जमिनीवर राहिली. गोविंदा पथक पायऱ्या सोडून कठड्यावरून घसरत उतरलं. बायको पिंप आणि नळी घेऊन मोरीत गेली. नानाही उठले, आणि बादलीखाली ठेवायला म्हणून जाताना स्टूल घेऊन गेले.

मी एकटा. तुळई एकटी. खाली हातभर अंतरावर जमीन, आणि तिच्यापर्यंत पोचायचं शास्त्र पुढच्या रविवारच्या धड्यात होतं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने मला आपादमस्तक बघितलं. पन्नासेक वर्षांत पहिल्यांदाच मी तिला काही उपयोगाच्या उंचीवर सापडलो होतो.

"वर आहेसच तर माळ्यावरचं मोठं पातेलं काढून दे. गणपतीपासून सांगतेय."

मी पातेलं काढलं. मग त्याच्यामागची परात. मग तांब्याचा बंब, ज्याच्यासाठी मला दोरावर अर्धं आडवं व्हावं लागलं, आणि ते करताना पट्टा तसूभरही सरकला नाही याची मी मनातल्या मनात नोंद घेतली. आई खालून काठीने मला हवं तिकडे वळवत होती. बहिणीच्या लग्नातली रुखवताची होडी निघाली, माझी दहावीची पुस्तकं निघाली, एक पितळी समई निघाली जिच्यावरून आईचं आणि आत्याचं अजून बोलणं नाही. "सापडली एकदाची," आई म्हणाली, आणि आत्याला फोन करायला निघून गेली.

हार्नेस परत करायचा प्रश्नच उरला नाही. दरम्यान सेक्रेटरींचा सूर बदलला आहे. मागच्या भिंतीत उगवलेला पिंपळ काढायला माणूस मिळत नाही, तर माझ्या सरावाच्या दृष्टीने तो कसा काय वाटतो, असं ते जाता येता विचारतात.

पुढच्या रविवारी कातळाखाली उभे राहिलो. वर्गातल्या आमच्या शिक्षकांनी प्रत्येकाचा पट्टा ओढून, बकल तपासून पाहिलं. माझ्यापाशी थांबले. कुंकवाकडे बघून काही बोलले नाहीत.

"नवा दिसतोय. घरी लटकून बघितलात?"

"हो, सर."

"किती वेळ?"

"पाणी जाईपर्यंत."